नगराळे बाबूंचा अर्ज नगराळे साहेबांकडे

पूनमसिंग राठोड साहेबांनी पेनचं टोपण काढलं, कागद पुढे घेतला आणि सहीचा 'पू' काढायला सुरुवातही केली. तेवढ्यात समोर उभ्या असलेल्या इंद्रजित नगराळेने तो कागद त्यांच्या हाताखालून ओढला. 'पू'चं शेपूट कागदावर तिरकं धावत गेलं.

"साहेब, एक मिनिट. आवक क्रमांक राहिला."

"अरे बाबू, नंतर टाक ना. सही करून राह्यलो तं करू दे."

"नंतर टाकता येत नाही साहेब. आधी आवक, मग छाननी, मग सही. क्रम आहे."

साहेब पेन हवेत धरून बघत राहिले. इंद्रजित एरवी घरीदारी चांगली वऱ्हाडी बोलायचा, पण नियमाचं बोलणं आलं की त्याची भाषा आपोआप शुद्ध व्हायची. हा कागद दुसऱ्या कोणाचा असता तर आपण म्हटलं असतं, माणूस काटेकोर आहे. पण तो खुद्द इंद्रजितचाच नोकरी सोडण्याचा अर्ज होता. जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती सही कागदावर उतरू लागली, आणि या माणसाने तिला नियमासाठी थांबवलं.

इंद्रजित धान्य चाळणी प्रमाणीकरण मंडळाच्या उमरखेड केंद्रात बाबू होता. असं मंडळ आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. उमरखेडलाही ठाऊक नव्हतं. एके काळी काही व्यापारी मोठ्या भोकांच्या चाळण्या वापरून शेतकऱ्याचं चांगलं सोयाबीन कचरा म्हणून खाली पाडत. म्हणून प्रत्येक चाळणीचं भोक तारेने मोजून तिच्या कडेवर पितळी शिक्का मारायचं काम या मंडळाकडे आलं. पुढे यंत्रं आली, चाळण्या गेल्या, मंडळ तेवढं राहिलं. आता वर्षाला दहा-अकरा चाळण्या यायच्या आणि त्यांच्यासाठी तीन माणसं होती. साहेब, बाबू आणि शिपाई उकंडा.

चाळण्या कमी झाल्या तशी इंद्रजितची सगळी विद्या अर्जांवर उतरली. लाल पेन घेऊन तो अर्जाच्या समासात 'त्रुटी' असं लिहायचा, आणि अर्जदार परत जायचा. एकवीस वर्षांत एकही अर्ज पहिल्या फेरीत त्याच्या हातून सुटला नव्हता. साहेबांनी भाच्याच्या लग्नाला रजा मागितली, तेव्हा 'लग्नपत्रिका जोडलेली नाही' म्हणून त्याने साहेबांचाही अर्ज परत केला होता. काम इमानदारीचं होतं, पण त्यात त्याचा जीव कधीच रमला नाही.

जीव होता पेटीत. इंद्रजितचे वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, आणि पार्टीची पेटी बिघडली की घरीच उघडायचे. ती विद्या पोराच्या बोटांत उतरली. संध्याकाळी घरी आलं की ओसरीत पेट्या वाट बघत असायच्या, गायन पार्ट्यांच्या, तांड्यांवरच्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या. पेटीचा भाता उघडला की हा माणूस जेवण विसरायचा. नोकरी सोडायचा अर्ज त्याने दरवर्षी लिहिला होता, आणि दरवर्षी स्वतःच त्यात काहीतरी त्रुटी काढून फाडून टाकला होता.

या वर्षी मात्र त्याची बायको साधना अडून बसली. साधना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "अवो, एक तं नोकरी सोडा, नाई तं नोकरी सोडाची गोष्ट सोडा. माये कान किटले. घर माया पगारात चालते. फक्त कागद हातात येऊ द्या, मंग दुकान टाका."

दुकानासाठी गाळाही मिळत होता. बसस्थानकाजवळ देवीलालचा गाळा रिकामा झाला होता, पण एक मोबाइलचे कव्हर विकणाराही त्यावर डोळा ठेवून होता. देवीलालने शुक्रवारी दुपारी बारापर्यंतची मुदत दिली होती. मंडळाने इतक्या लहान केंद्रात माणूस मोकळा करायचा अधिकार केंद्राच्या साहेबालाच देऊन टाकला होता, म्हणजे एक सही आली की काम झालं. आणि आज सोमवारी ती सही अर्धी येऊन थांबली होती.

इंद्रजित आपल्या टेबलाशी गेला. आवक नोंदवही काढली, पट्टीने रेघ मारली, क्रमांक टाकला, तारीख घातली, शाई वाळू दिली. परत आला तर राठोड साहेब खांद्याला पिशवी अडकवून उभे होते.

"नागपूरवरून फोन आला," साहेब म्हणाले. "राजूरकडे एका व्यापाऱ्याच्या चाळणीची भानगड झाली. आजच्या आज तिकडं रुजू व्हा म्हनते. महिनाभर तरी येत नाई मी. बाराची गाडी पकडतो."

"साहेब, माझा अर्ज..."

"मी चार्ज सोडला ना आता. हे घे चार्जचा कागद. सेवाज्येष्ठ तू, चार्ज तुले देल्ला."

"पण मग माझ्या अर्जावर सही?"

"तूच साहेब, तूच कर!" असं जिन्यातून ओरडत साहेब खाली गेले सुद्धा.

इंद्रजित एका हातात चार्ज आणि दुसऱ्या हातात अर्ज घेऊन उभा राहिला. उकंडाने साहेबांची खुर्ची फडक्याने पुसली. उकंडा पन्नाशी ओलांडलेला, सातवी शिकलेला, आणि एकवीस वर्षं इंद्रजितच्या हाताखाली काम करून नियमात पुरता मुरलेला.

"बसा साहेब," तो म्हणाला.

"उकंडाभाऊ, साहेब कायले म्हनता?"

"चार्ज हाय तं साहेब हाय. टेबलावर बसान तवा बाबू, खुर्चीवर बसान तवा साहेब. मी नियमानंच चालीन बाप्पा."

इंद्रजित खुर्चीत बसला आणि त्याने आपला अर्ज समोर ठेवला. पेन उचललं आणि ठेवलं. स्वतःच्या प्रकरणात स्वतः निर्णय घेऊ नये, असा नियम होता. तो नियम एकदा दुसऱ्याला दाखवून त्याने त्याचा अर्ज परत केला होता, त्यामुळे नियम माहीत नाही असंही म्हणता येईना. त्याने राठोड साहेबांना फोन लावला. साहेब गाडीत होते.

"साहेब, तुम्ही तिकडूनच सही करून पाठवता का?"

"आता चार्ज नसताना मी सही केली, तं उद्या तूच म्हनशीन, त्रुटी!" साहेबांनी फोन ठेवला.

मग त्याने नागपूरच्या मुख्य कार्यालयात लावला. तिथे उर्वशी मॅडम म्हणून एक होत्या. त्यांना सगळं सांगून होईपर्यंत सात मिनिटं गेली.

"तुमच्या अर्जावर केंद्रप्रमुखांनी निर्णय घ्यायचा आहे," मॅडम म्हणाल्या.

"केंद्रप्रमुख मीच आहे."

"मग अडचण काय आहे? दोघं एकाच खोलीत बसता ना?"

"मॅडम, दोघं एकाच शर्टात बसतो."

"हे बघा, आमच्याकडे पाठवलं तर तीन महिने लागतील. तुमच्याकडेच छाननी करून टाका. पण नियमाने हं." आणि त्यांनीही फोन ठेवला.

नियमाने म्हटल्यावर इंद्रजितला धीर आला. त्याने साहेब या नात्याने अर्जाची छाननी सुरू केली, आणि खरं सांगायचं तर एकदा सुरुवात झाल्यावर त्याला हात आवरेना. अर्ध्या तासात तीन त्रुटी निघाल्या. एक, अर्जावर अनोळखी निळी रेघ आहे, खुलासा करावा. दोन, अर्जदाराने ताब्यातील वस्तूंची यादी जोडलेली नाही. तीन, सोडण्याचे कारण 'घरगुती' असे मोघम दिले आहे, नेमके कारण नमूद करावे. खाली त्याने 'प्रभारी केंद्रप्रमुख' म्हणून सही ठोकली आणि घंटी वाजवली.

"उकंडाभाऊ, हा कागद नगराळे बाबूंना द्या."

उकंडाने कागद घेतला आणि दरवाजाबाहेरच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला. इंद्रजित मागून आला आणि टेबलाशी बसला.

"बाबू, साहेबाचा कागद हाय. पोच द्या."

"द्या ना इकडे, मीच तर लिहिला."

"पोच द्या," उकंडा म्हणाला.

इंद्रजितने पोच दिली.

सोमवार आणि मंगळवार असे गेले. बाबू खुलासा लिहायचा, उकंडा तो चार पावलं चालून साहेबांकडे न्यायचा, तोवर बाबू त्याला ओलांडून पुढे जाऊन खुर्चीत बसायचा. निळ्या रेघेचा खुलासा सोपा होता, 'सदर रेघ ही मा. राठोड साहेबांच्या नावातील पू चे शेपूट आहे.' साहेबांनी तो मान्य केला. वस्तूंची यादीही झाली. भोकं मोजायच्या तारांचा एक संच, पितळी शिक्का एक, लाल पेन दोन. तिसऱ्या त्रुटीपाशी मात्र घोडं अडलं. नेमकं कारण लिहायला बाबू तीनदा बसला आणि तिन्ही वेळा कागद कोरा राहिला.

"काय लिहू?" त्याने उकंडाला विचारलं.

"खरं लिहा."

"खऱ्याला पुरावा जोडावा लागतो, उकंडाभाऊ."

इकडे साधनाने गंमत म्हणून माहेरी फोनवर सांगितलं, की तुमचे जावई स्वतःच साहेब आणि स्वतःच बाबू होऊन बसले आहेत. तिच्या भावाने, बंटीने, त्यातला अर्धाच भाग ऐकला, आणि तोच त्याला आवडला. बुधवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. 'उमरखेडचे जावई मा. इंद्रजितजी नगराळे यांची साहेबपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' फोटो बंटीच्या लग्नातला होता, गॉगल लावलेला. खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो होते, त्यातले दोघे कोण हे बंटीलाही सांगता आलं नाही.

दुपारपर्यंत कार्यालयात अकरा नारळ जमले. ज्या जिन्यावर वर्षाला अकरा चाळण्या चढत, तिथे एका दिवसात अकरा नारळ चढले. इंद्रजित प्रत्येकाला सांगत होता, "अवो, मी साहेब नाई झालो, मी तं सोडून राह्यलो." लोक म्हणत होते, "मोठा माणूस! साहेब झाला, पन बोलणं पाहा किती साधं."

बारावा नारळ देवीलालने आणला.

"साहेब, फ्लेक्स पाह्यला," देवीलाल नारळ टेबलावर ठेवत म्हणाला. "लय आनंद झाला. आता तुमी कायले पेटीचं दुकान टाकता! मी त्या कव्हरवाल्याले हो म्हनून राह्यलो."

"अहो नाई! मी गाळा घेऊन राह्यलो. शुक्रवार ठरला होता ना?"

"शुक्रवार बाबूसोबत ठरला होता."

"तो बाबू मीच आहे."

"मंग चौकात गॉगलवाला कोन हाय?"

देवीलाल माणूस वाईट नव्हता, पण आजवर तीन भाडेकरूंनी त्याला शब्द देऊन फसवलं होतं. तो उठताना म्हणाला, "ठीक हाय. सरकारी कागद दाखवा, किल्ली घ्या. शुक्रवार, बारा मंजे बारा. बाराच्या वर एक मिनिट झाला तं कव्हरवाला."

संध्याकाळी साधना शाळेतून आली तीच चौकातून फ्लेक्स बघून. तिने पिशवी ठेवली, चहा टाकला आणि कप नवऱ्याच्या हातात देऊन समोर बसली.

"तुमी नोकरी सोडून राह्यले का चढून राह्यले?"

"बंटीनं केलं ते."

"बंटी येडा हाय, ते मले मालूम हाय. मी तुमचं विचारून राह्यली. खरं सांगा, सहीले नियम आडवा येऊन राह्यला का तुमीच?"

इंद्रजित चहा फुंकत राहिला. मग हळूच म्हणाला, "एकवीस साल मी लोकायच्या चुका काढल्या. दुकान टाकलं तं लोक माया काढतीन. पेटी घेऊन येतीन, म्हनतीन, हा सूर बरोबर नाई. तवा मी काय दाखवू? नियम?"

त्याला भीती वाटत होती. ती त्याने पहिल्यांदाच तोंडाने कबूल केली होती. साधनाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिने त्याच्या हातातला थंड झालेला कप घेतला आणि आपला गरम कप दिला.

"सूर बरोबर नसला तं पुन्हा खोलजा पेटी," ती म्हणाली. "मानूस खोटा होत नाई त्याच्यानं."

गुरुवारी दुपारी जिन्यावर धपधप पावलं वाजली. इंद्रजितला वाटलं, तेरावा नारळ. पण वर आली ती बसंतीबाई, जवळच्या तांड्यावरच्या भजनी मंडळाची म्होरकी, आणि तिच्या डोक्यावर पेटी होती.

"भिया, अरे भाऊ, घरी गेलती, घराले कुलूप," ती दम टाकत म्हणाली. "ही पेटी रडून राह्यली. भाता हलवला का एकच सूर निघते, बंदच होत नाई. आज दिवस मावळाच्या आत मंडळी बसनार हाय भजनाले. सारे पाहुने आले."

"बसंतीबाई, हे हापिस आहे. पेटी इथे..."

"मंग हापिसात हात चालत नाईत का तुये?"

तिने पेटी सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवली. टेबलावर दुसरं काही नव्हतंच, फक्त तिसरी त्रुटी होती. इंद्रजितने भाता एकदा हलवला. पेटी एकाच सुरात केकाटली. त्याने डोकं तिरकं करून ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा नगराळे साहेब गेला, नगराळे बाबूही गेला. बाह्या वर झाल्या. वरची फळी निघाली, पट्ट्या एकेक करून मोकळ्या झाल्या. एका पट्टीखाली, हवा अडवणाऱ्या कातडी गादीला टेकून, एक तुरीचा दाणा बसला होता. त्या दाण्याने गादी वर उचलून धरली होती आणि हवा सारखी निसटत होती.

दाणा खोल होता, बोट पोचेना. इंद्रजितने इकडे तिकडे पाहिलं आणि कपाटातून चाळणीची भोकं मोजायची तार काढली. तारेचं टोक किंचित वाकवून त्याने दाणा अलगद ओढला आणि टेबलावर ठेवला.

"एकवीस सालात या तारेनं पयलंच काम केलं," उकंडा दारातून म्हणाला.

मग इंद्रजित थांबलाच नाही. दोन पट्ट्यांच्या स्प्रिंगा सैल होत्या, त्या घट्ट केल्या. भात्याच्या घडीत चीर होती, ती लिफाफ्याच्या डिंकाने आणि कापडाच्या तुकड्याने बंद केली. एक सूर बसका वाटला म्हणून त्याची पितळी जीभ काढून नखाने, तारेने घासून परत लावली. सूर ऐकला, जीभ पुन्हा काढली, पुन्हा घासली. तीनदा चूक झाली, पण त्याने लाल पेन शोधलं नाही. शेवटी पट्ट्या बसवून त्याने भाता हलवला आणि वडिलांची एक जुनी चाल वाजवली. खालचा झेरॉक्सवाला, चहावाला आणि बसची वाट बघणारी दोन माणसं जिन्यात येऊन उभी राहिली.

बसंतीबाईने डोळ्याला पदर लावला. "आता गाऊन राह्यली," ती म्हणाली.

इंद्रजित हसत होता. तोंडभर, दात दाखवून. उकंडाने एकवीस वर्षांत हे पाहिलं नव्हतं. तो बघतच राहिला.

पेटी बांधताना बसंतीबाईने विचारलं, "एवढं हातात हाय तं इथं कायले बसते?" मग इंद्रजितने तिला सगळी कर्मकथा सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि तिला त्यात फार अवघड काही वाटलं नाही.

"आमच्या तांड्यात नायक असते," ती म्हणाली. "नायकाच्याच घरचं भांडण असलं, तं नायक निवाडा करत नाई. तो त्या दिवशी सोयऱ्याकडं जाते. मंग कारभारी बसते आन् निवाडा करते. तुमच्या हापिसात कारभारी नाई का?"

इंद्रजितने मान वळवली. दारात उकंडा उभा होता.

नियम उलटून पालटून पाहिला. प्रभारी केंद्रप्रमुखाला एक दिवसाची किरकोळ रजा घ्यायची असेल तर ती फक्त कळवायची असते, आणि तो रजेवर असताना चार्ज उरलेल्या सेवाज्येष्ठ माणसाकडे जातो. उरलेला माणूस एकच होता. इंद्रजितने नागपूरला शुक्रवारची रजा कळवली. ही त्याची एकवीस वर्षांतली पहिली किरकोळ रजा. नंतर तो बाबूच्या टेबलाशी बसला आणि तिसऱ्या त्रुटीचा खुलासा एका दमात लिहिला. 'मला पेटी दुरुस्त करणे आवडते. येथे माझ्यासाठी काम नाही.' पुरावा म्हणून त्याने कागदाला चिकटपट्टीने तुरीचा दाणा जोडला.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला इंद्रजित आला तेव्हा उकंडा खुर्चीत बसलेला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला खोबरेल तेलाची चमक, आणि खिशाला एक पेन. इंद्रजित आत जायला निघाला.

"बाहेर बसा," उकंडा म्हणाला. "नंबरानं बलावतो."

"उकंडाभाऊ, इथं मी एकटाच आहे."

"मंग तुमचाच नंबर येईन. बसा ना."

ज्या बाकावर एकवीस वर्षं लोक त्याच्यासाठी बसले, त्या बाकावर इंद्रजित बसला. बाक एका बाजूला कलत होता. ते त्याला आज पहिल्यांदाच कळलं, आणि त्या सगळ्या माणसांना आठवून त्याला स्वतःची थोडी लाज वाटली. अकराला उकंडाने आत बोलावलं. साधनाचा फोन दोनदा वाजला, त्याने तो बंद केला.

उकंडा अर्ज वाचू लागला. सातवी शिकलेला माणूस वाचतो तसा, ओठ हलवत, बोट ठेवत. पहिलं पान झालं. खुलासे झाले. वस्तूंची यादी हातात धरून त्याने तारा मोजल्या, शिक्का पाहिला, लाल पेनं दोन्ही चालतात का ते हातावर ओढून पाहिलं. साडेअकरा झाले. मग त्याने तुरीच्या दाण्यावर बोट टेकवून दाणा पक्का चिकटला आहे का पाहिलं. पावणेबारा झाले. बसस्थानक पायी पाच मिनिटं होतं.

आणि मग उकंडाने लाल पेन उचललं.

"उकंडाभाऊ!" इंद्रजित उभाच राहिला. "काय झालं?"

"एक त्रुटी हाय."

"कोणती? सगळ्या तर पूर्ण केल्या."

उकंडाने समासात सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. मग कागद फिरवून इंद्रजितपुढे केला. इंद्रजितने वाचलं. 'त्रुटी : अर्ज एकोणीस वर्ष उशिरा आला.'

"एकोणीस?" इंद्रजितने विचारलं.

"तुमी लागले त्याच्या दुसऱ्या सालीच पयला अर्ज लिहिलता. मंग फाडून टाकला. मी तुकडे उचललते. अक्षर लय चांगलं होतं, म्हनून फेकवलं नाई. घरी भजे गुंडाळून नेले त्याच्यात." उकंडाने नाक पुसलं. "तवापासून दरसाली म्हनतो, यंदा जाईन हा. तुमी काई जाऊन नाई राह्यले."

"मले हाकलाची एवढी घाई होती का, भाऊ?"

"घाई नव्हती. पन तुमी घरी पेटी वाजवता आन् हापिसात कन्हता, ते पाह्यनं जीवावर येत होतं."

त्याने पेन बदललं. निळ्या पेनाने, जीभ दातात धरून, त्याने सही केली. 'उकंडा', आणि खाली 'प्रभारी केंद्रप्रमुख'. शिक्का उचलून त्यावर तोंडाची वाफ दिली आणि दणकन मारला. चाळणीचाच पितळी शिक्का होता तो, दुसरा नव्हता. 'तपासले. योग्य.' असं कागदावर उलटसुलट उमटलं.

"जा," उकंडा म्हणाला. "बारा वाजून राह्यले."

इंद्रजितने कागद घेतला. त्याने वाकून उकंडाच्या पायाला हात लावला, आणि उकंडा खुर्चीत अवघडून बसला, कारण साहेबाने उठायचं की नाही याचा नियम त्याला माहीत नव्हता.

इंद्रजित दारापर्यंत गेला. सवयीने त्याची नजर कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर गेली, आणि त्याचा पाय थबकला. जावक क्रमांक टाकलेला नव्हता.

नोंदवही टेबलावरच होती. पट्टी तिच्यावर, शाईपेन शेजारी. चार मिनिटांचं काम. मागून उकंडाने विचारलं, "काय राह्यलं, बाबू?"

इंद्रजितने नोंदवहीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला सहा मिनिटं कमी होती.

"काई नाई, साहेब," तो म्हणाला, आणि कागदाची घडी खिशात घालून दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरला.